संसर्ग लघवीचा, मग आतडं का बिघडलं?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यांना लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप सुरू झाला. दोन दिवस घरीच तापाच्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या बरळायला लागल्या, हातपाय गार पडले. दवाखान्यात नेल्यावर सेप्सिस झाल्याचं सांगितलं. बीपी वाढवायचं औषध पंपावर चालू होतं. दोन दिवसांनी बीपी नॉर्मल झालं, आम्हाला वाटलं सुटलो. पण मग पोट फुगलं, नाकातल्या नळीने दिलेलं उलटून यायला लागलं, दोनदा काळी शी झाली. स्कॅनमध्ये मोठी रक्तवाहिनी बंद नव्हती, आतड्याच्या भिंतीला सूज होती. 'सेप्सिसमुळे आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्यांना मार बसलाय,' असं सांगून डॉक्टरांनी दोन दिवस नळीतून काहीच दिलं नाही. आता त्या घरी आहेत. नणंदबाई म्हणतात, ताप असताना मी भाकरी आणि ताक दिलं म्हणून आतडं खराब झालं. लघवीतला जंतू आतड्यात जातो का? बीपी चांगलं असताना आतड्याला रक्त का कमी पडलं? अशक्तपणा उपाशी ठेवल्याने आला का? आतडं कायमचं अधू राहील का? आता काय खायला द्यावं? श्रावण जवळ आलाय आणि त्या सोमवार धरायचं म्हणताहेत.
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य भाकरी-ताकाचं आहे, म्हणून आधी तेच. तापात भाकरी आणि ताक दिल्याने आतड्याला असा मार बसत नाही. नासक्या अन्नाने पोट बिघडतं तेव्हा सुरुवातच उलट्या-जुलाबांनी होते. तुमच्या सासूबाईंचा क्रम पाहा. आधी लघवीची जळजळ, मग थंडी-ताप, मग बरळणं, गार हातपाय, उतरलेलं बीपी. आणि हे सगळं होऊन गेल्यावर पोट फुगलं. आजार मूत्रमार्गातून रक्तात आणि रक्तातून आतड्याच्या भिंतीपर्यंत गेला. ताटातून तो आलेलाच नाही. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यांवर बसलेल्या घरांमध्ये मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. धडधाकट माणूस दोन दिवसांत अत्यवस्थ होतो, कारण सापडत नाही, आणि सगळ्यांची नजर स्वयंपाक करणाऱ्या बाईकडे वळते. नणंदबाईही घाबरल्या असणार, आई त्यांचीही आहे. पण हा आरोप चुकीचा आहे. हे उत्तर त्यांना जरूर वाचायला द्या.

आता लघवीतल्या जंतूचं. लघवीचा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय नावाच्या जंतूमुळे होतो, आणि हा जंतू मुळात आपल्या आतड्यातच राहतो. तिथे तो सहसा त्रास देत नाही. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे हा जंतू बाहेरून मूत्राशयात चढतो. मधुमेहात त्याला आवर घालणं शरीराला जड जातं. मग तो मूत्रपिंडापर्यंत आणि तिथून रक्तात. पण म्हणून तो परत जाऊन आतडं पोखरतो असं नाही. आतड्याला इजा करतो तो त्याच्याविरुद्ध उठलेला शरीराचाच प्रतिकार. या जंतूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. आपल्या पेशींवर तो ओळखणारा रिसेप्टर आहे. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या प्रयोगशाळेने तो दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना २०११ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. एंडोटॉक्सिनची खूण पटली की पांढऱ्या पेशी दाह पेटवणारी रसायनं सोडतात. थोड्या जागेत, थोडा वेळ झालं तर त्यानेच आपण बरे होतो. सगळ्या रक्तात एकाच वेळी झालं आणि आवरलं नाही, तर जिथे जंतू पोचलाही नाही तिथले अवयव निकामी व्हायला लागतात. २०१६ पासून सेप्सिसची व्याख्याच अशी आहे : संसर्गाला शरीराने दिलेल्या बेबंद प्रतिसादामुळे अवयवांना झालेली जीवघेणी इजा.

ही इजा सगळीकडेच होते, मूत्रपिंडात, फुप्फुसात, मेंदूत. आतडं त्यात लवकर का सापडतं, हे त्याच्या रचनेत आहे, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला जेमतेम मिलिमीटरभर उंचीचे, किंवा त्याहून लहान असे असंख्य उंचवटे असतात. त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नरस शोषला जातो तो यांच्यातून. प्रत्येक उंचवट्याच्या मधून एक बारीक धमनी टोकापर्यंत चढते, टोकाला तिच्या केशवाहिन्या होतात आणि त्यांतलं रक्त शेजारच्याच बारीक शिरेतून खाली उतरतं. चढणारं आणि उतरणारं रक्त इतकं जवळून जातं की वर निघालेला थोडा प्राणवायू वाटेतच बाजूच्या शिरेत झिरपून परत जातो. म्हणजे चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसातही उंचवट्याच्या टोकाला प्राणवायू कमीच पोचतो. एरवी चालून जातं. विश्रांतीत असताना हृदयातून निघालेल्या रक्तापैकी पाचवा ते चौथा हिस्सा पोटातल्या अवयवांना मिळतो, त्यामुळे पुरवठ्याला तोटा नसतो. पण रक्तदाब पडला की शरीर मेंदू आणि हृदय सांभाळण्यासाठी सगळ्यात आधी कातडीचं आणि पोटाचं रक्त कमी करतं. हातपाय गार पडले होते ना? त्याच वेळी आत, पोटात, हेच चाललं होतं.

इथवर तर कुठल्याही कारणाने रक्तदाब पडला तरी होतं. सेप्सिसमध्ये याच्या जोडीला केशवाहिन्यांची आतली बाजूच बिघडते. रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींवर साखर आणि प्रथिनांचा एक अतिशय पातळ थर असतो, ग्लायकोकॅलिक्स नावाचा. जाडी साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. काम मात्र फार मोठं : रक्तातलं पाणी बाहेर झिरपू न देणं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट भिंतीला चिकटू न देणं, रक्त गोठू न देणं. दाहाच्या रसायनांनी हा थर झडतो. त्याचे तुकडे रुग्णाच्या रक्तात मोजता येतात. थर गेला की पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात, प्लेटलेट जमतात, सूक्ष्म गुठळ्या होतात. तांबड्या पेशीही ताठर बनतात. एरवी तांबडी पेशी स्वतःला दुमडून आपल्याएवढ्याच किंवा आपल्याहून अरुंद केशवाहिनीतून निघून जाते; ताठर झालेली अडकते. शिवाय रक्तवाहिनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड काही जागी जास्त तयार होतो, काही जागी पुरेसा नाही. परिणाम असा की एक केशवाहिनी वाहते आहे, शेजारची थांबली आहे, तिसरीतून रक्त इतकं भरभर जातंय की पेशींना प्राणवायू घ्यायला वेळच मिळत नाही.

आता तुमचा बीपीचा प्रश्न, आणि तो फार योग्य प्रश्न आहे. तुमच्या भागात कालव्याच्या टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, शेतकरी काय म्हणतो ते तुम्ही ऐकलं असेल : धरणातून पाणी पूर्ण दाबाने सुटलंय, मुख्य कालवा काठोकाठ आहे, पण माझ्या चारीत गाळ साचलाय, मधे गळती आहे, माझं रान कोरडंच. मॉनिटरवरचा आकडा मुख्य कालव्याचा असतो. मोठ्या धमनीतला दाब तो सांगतो. व्हिलायच्या टोकाच्या केशवाहिनीत रक्त पोचलं का, हे तो सांगत नाही.

हे नुसतं तर्काने बांधलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. २००२ मध्ये ब्रुसेल्समधल्या डॉक्टरांनी सेप्सिसच्या रुग्णांच्या जिभेखाली छोटा कॅमेरा धरून तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाहिल्या. वाहत्या केशवाहिन्यांचं प्रमाण कमी झालेलं दिसलं, आणि जे वाचले नाहीत त्यांच्यात ते आणखी कमी होतं. त्याच जागी अ‍ॅसिटिलकोलीन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या रसायनाचे थेंब टाकल्यावर थांबलेल्या वाहिन्या पुन्हा वाहायला लागल्या. याचा अर्थ, निदान सुरुवातीला त्या मेलेल्या नव्हत्या, अडलेल्या होत्या. पुढे २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये पोटाच्या सेप्सिसच्या अशा रुग्णांना पाहिलं गेलं ज्यांचं आतडं शस्त्रक्रियेने पोटावर उघडलेलं होतं. त्यांच्या जिभेखालचा आणि आतड्यातला रक्तप्रवाह एकाच वेळी तपासला. पहिल्या दिवशी दोघांचा मेळच नव्हता : जीभ एक सांगत होती, आतडं दुसरंच. तिसऱ्या दिवशी मेळ दिसू लागला. बाहेरून माणूस सुधारलेला दिसतोय आणि आतडं अजून मागेच आहे, हे तुमच्या घराने जे अनुभवलं, ते असंच असतं.

बीपीच्या औषधाबद्दलही एक सांगते, कारण कुणी ना कुणी तुम्हाला म्हणेलच की त्या पंपावरच्या औषधानेच आतड्याचं रक्त तोडलं. अशा वेळी बहुतेकदा दिलं जाणारं नॉरअ‍ॅड्रिनलीन रक्तवाहिन्या आवळतं हे खरं, आणि मात्रा खूप वाढली तर पोटाच्या रक्तपुरवठ्याची काळजी आम्हालाही असते. पण दाबच नसेल तर बारीक वाहिनीत रक्त जाण्याचा प्रश्नच उरत नाही. सासूबाई वाचल्या त्यात त्या औषधाचा वाटा मोठा आहे.

आता पोटात पुढे काय झालं. केशवाहिन्या गळक्या झाल्या, रक्तातलं पाणी आतड्याच्या भिंतीत उतरलं. स्कॅनमधली सूज ती हीच. सुजलेल्या भिंतीत प्राणवायूला पेशीपर्यंत जायला अंतर वाढतं, म्हणजे उपासमार आणखी वाढते. आतड्याचे स्नायू मंदावतात, अन्न पुढे सरकत नाही. पोट फुगतं आणि नळीतून दिलेलं उलटून येतं. व्हिलायच्या टोकांवरच्या पेशी गळून पडतात, तिथून रक्त पाझरतं. पोटात वरच्या भागात झालेला रक्तस्राव आतड्यातून येताना पचत येतो म्हणून शी डांबरासारखी काळी आणि चिकट होते. पेशींमधले सांधेही सैल होतात. आतड्यातले जंतू मग त्यातून रक्तात शिरतात आणि सेप्सिस पेटता ठेवतात, असं १९८० च्या दशकापासून मानलं जात आलंय. मात्र रुग्णांच्या रक्तात ते जंतू प्रत्येक वेळी सापडत नाहीत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आणखी एक वाट दिसली आहे : इजा झालेल्या आतड्यातून निघणारा लसीका (लिम्फ) द्रव छातीतल्या नलिकेने मानेजवळच्या शिरेत येतो, आणि तिथून पुढचा पहिला अवयव फुप्फुस. म्हणून आतडं बिघडलं की श्वासाकडेही डॉक्टर डोळ्यांत तेल घालून पाहतात.

दोन दिवस उपाशी ठेवलं, हे तुमच्या मनात रुतून बसलंय, ते मला पत्रातून कळतं. आपल्याकडे आजारी माणसाच्या पोटात चार घास जाणं म्हणजे माया, आणि ते थांबवणं पाहवत नाही. पण अन्न पोचलं की आतड्याचं काम वाढतं आणि कामासाठी प्राणवायू लागतो. जिथे प्राणवायूच पोचत नाही तिथे काम लादलं तर आतड्याचा तुकडा मरू शकतो. २०१८ मध्ये फ्रान्समधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तदाब पडलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या २,४१० रुग्णांपैकी निम्म्यांना सुरुवातीपासून नळीने पोटातून पूर्ण आहार दिला, निम्म्यांना शिरेतून. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही, पण आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा प्रकार पोटातून आहार दिलेल्यांमध्ये १९ जणांत आणि शिरेतून दिलेल्यांमध्ये ५ जणांत आढळला. यावरून कायम उपाशी ठेवावं असं कुणी म्हणत नाही. उलट थोडंसं अन्न आतड्याच्या पेशींना लागतंच, आणि जमत असेल तर पहिल्या ७२ तासांत नळीने आहार सुरू करावा अशी २०२१ ची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. पण पोट फुगलेलं, आहार उलटतोय, काळी शी झालेली, अशा वेळी हात आखडता घेणं हाच योग्य निर्णय होता. अशक्तपणा त्या दोन दिवसांचा नव्हे. सेप्सिसमध्ये शरीर स्वतःचे स्नायू झपाट्याने जाळतं, वर अंथरुणाला खिळून राहणं आलं. तो अशक्तपणा भरून यायला महिने लागतात.

आतडं कायमचं अधू राहील का? मला तसं वाटत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या येतात. शरीरातल्या सगळ्यात लवकर बदलणाऱ्या पेशींपैकी त्या आहेत. रक्त पोचायला लागलं की व्हिलाय पुन्हा उभे राहतात. आतड्याचा भाग काळानिळा पडून शस्त्रक्रिया करावी लागली असती तर मी वेगळं लिहिलं असतं. ती वेळ सासूबाईंवर आली नाही. भूक मंदावणं, थोड्या जेवणानेही पोट भरणं, शी कधी पातळ होणं हे काही आठवडे चालेल. त्यात प्रतिजैविकांनी आतड्यातले चांगले जंतू मारलेले असतात, तेही हळूहळू परततात.

खायला द्या ते थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. मऊ भात आणि घट्ट वरण, मुगाची खिचडी, अंडं, पनीर, चालत असेल तर मासे किंवा चिकनचं सूप मांसासकट. नुसतं पाणी नको. भर प्रथिनांवर हवा. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच, यावरून अंदाज घ्या. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते त्यावरून कळतं. सेप्सिसने मूत्रपिंडाला धक्का बसला असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. दही चालेल. ताकही चालेल, ताई, तुमच्याच हातचं. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्या.

'पोट साफ करायला' एरंडेल, चूर्ण, काढे हे काहीही देऊ नका. गुडघेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी औषधं पोटाच्या अस्तराला आणि मूत्रपिंडाला दोन्हीकडे इजा करतात, आणि दोन्ही आत्ताच सावरताहेत. दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब होत असतील, त्यात ताप किंवा पोटदुखी असेल, तर जुलाब थांबवायची गोळी देण्याआधी तपासणी करा. प्रतिजैविकांनंतर आतड्यात एक वेगळाच संसर्ग होतो, त्याचे उपचार वेगळे असतात. लोहाच्या गोळ्यांनी शी काळसर होते, त्याला घाबरू नका. डांबरासारखी चिकट, दुर्गंधी शी पुन्हा झाली तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

एक गोष्ट मला तुमच्याशी स्पष्ट बोलायची आहे, दोष देण्यासाठी नाही. ते पहिले दोन दिवस. थंडी वाजून ताप आला की घराघरात गोळी दिली जाते, तुम्हीही तेच केलंत. पण सेप्सिसमध्ये केशवाहिन्या अडलेल्या असतात तोवर त्या पुन्हा वाहू शकतात, आणि ती मुदत फार थोडी असते. कॅनडातून २००६ मध्ये आलेल्या एका अभ्यासात रक्तदाब पडल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत योग्य प्रतिजैविक द्यायला झालेल्या उशिराच्या प्रत्येक तासागणिक वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत गेली होती. सेप्सिस होऊन गेलेल्यांना पहिल्या काही महिन्यांत पुन्हा संसर्ग होण्याचा धोका जास्त असतो. म्हणून यापुढे लघवीची जळजळ आणि ताप एकत्र दिसले की त्याच दिवशी डॉक्टर, कल्चरसाठी (जंतू ओळखण्यासाठी) लघवीचा नमुना आणि मगच प्रतिजैविक. आणि थंडी-तापाबरोबर बोलण्यात गोंधळ, भराभर श्वास, लघवी फार कमी होणं, हातपाय गार किंवा कातडीवर निळसर जाळी, यातलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा. दारातच सांगा : 'यांना आधी सेप्सिस झाला होता.' डॉक्टर नख दाबून सोडतील आणि गुलाबी रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का ते पाहतील. बारीक रक्तवाहिन्यांची खबर देणारी ती सगळ्यात सोपी तपासणी आहे. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दलही पुढच्या भेटीत विचारा.

राहिला श्रावण. यंदाचे सोमवार नकोत. त्या इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असतील तर दिवसभर पोटात काही नसताना साखर एकदम खाली जाईल, आणि संध्याकाळी उपास सोडताना साबुदाणा-बटाट्याने ती वर उसळेल. प्रथिनं त्या दिवशी जवळपास नाहीतच. त्यांनी ऐकलं नाही तर डॉक्टरांकडूनच त्यांना सांगायला लावा. बेल वाहायला देवळात जायला मात्र माझी काहीच हरकत नाही. घरापासून देऊळ जवळ असेल तर चालतच न्या, हात धरून, वाटेत बसायला जागा पाहून. पायातलं बळ परत यायला तेवढं चालणं हवंच आहे.